स्वॅप ठेवायचं की नाही?

लिनक्स टाकायला बसलं की एका ठिकाणी भलेभले अडखळतात. भाषा निवडून झाली, कीबोर्ड निवडून झाला, टाइमझोनच्या यादीत मुंबई शोधून शेवटी मुकाट्याने कोलकाता निवडून झालं, की मग येतं डिस्कचं पार्टिशनिंग. आणि तिथे तो सनातन प्रश्न उभा राहतो: स्वॅप किती ठेवू? की ठेवूच नको?

सल्ला द्यायला लोक तयारच असतात. पहिला म्हणतो, "रॅमच्या दुप्पट. डोळे मिटून." दुसरा म्हणतो, "अरे, ते जुन्या काळचं. आता रॅम इतकी असते, स्वॅप कशाला हवंय?" तिसरा म्हणतो, "स्वॅपने मशीन स्लो होतं, शिवाय एसएसडी खराब होते ते वेगळंच." तिघंही अगदी ठाम असतात. फक्त "का?" असं विचारलं की तिघंही जरा गडबडतात. आमच्या क्षेत्रात असे बरेच नियम आहेत. कुणीतरी कधीतरी चांगल्या कारणासाठी केलेले असतात. पुढे कारण गळून पडतं आणि नियम तेवढा उरतो. गेल्या काही महिन्यांत मला तीन वेगवेगळ्या मशीन्सवर हा निर्णय घ्यावा लागला आणि तिन्ही ठिकाणी उत्तर वेगळं आलं. म्हणून म्हटलं, या शनिवारी हेच लिहून काढावं.

आधी 'दुप्पट' कुठून आलं ते बघू.

रॅम कमी पडली की डिस्कवरची जागा रॅमसारखी वापरायची, ही कल्पना लिनक्सपेक्षाच काय, युनिक्सपेक्षाही जुनी. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात ॲटलस नावाचा कॉम्प्युटर सुरू झाला. त्याची मुख्य मेमरी १६ हजार शब्दांच्या आसपास होती आणि जोडीला ९६ हजार शब्दांचा फिरता चुंबकीय ड्रम. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र हे सगळं मिळून एकच मोठी मेमरी आहे असं वाटायचं. कुठलं पान मेमरीत, कुठलं ड्रमवर, हे मशीन आपलं आपण सांभाळायचं. आज आपल्या लॅपटॉपमध्ये चालतं ते मुळात हेच.

लिनक्समध्ये ही सोय आली तीही गंमतच आहे. १९९१ च्या डिसेंबरात लिनस टोरवाल्ड्सला एका वापरकर्त्याने कळवलं की त्याच्या मशीनमध्ये फक्त २ एमबी रॅम आहे, आणि तेवढ्यात कर्नेल कंपाइल होत नाही. लिनसने नाताळच्या सुट्टीत बसून मेमरीतली पानं डिस्कवर टाकायची सोय लिहिली. जानेवारी १९९२ मध्ये आलेल्या ०.१२ आवृत्तीत ती होती. म्हणजे लिनक्समधलं स्वॅप जन्मालाच आलं ते कमी रॅमवाल्या कुणाचं तरी काम अडू नये म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुप्पटचा नियम मात्र जुन्या युनिक्सचा वारसा. त्यातल्या काही सिस्टिम्समध्ये प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीसाठी डिस्कवर आधीच जागा राखून ठेवायची पद्धत होती. पान प्रत्यक्षात डिस्कवर जावो न जावो, जागा राखीव. अशा ठिकाणी स्वॅप रॅमपेक्षा कमी ठेवलं तर विकत घेतलेली रॅमसुद्धा पूर्ण वापरता यायची नाही! तिथे दुप्पट ठेवणं हा शहाणपणाच होता. लिनक्समध्येही २००१ च्या जानेवारीत २.४ कर्नेल आलं तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना दुप्पट स्वॅप लागायचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये २.४.१० मध्ये मेमरी सांभाळणारा भागच बदलला गेला आणि ती गरज संपली. नियम मात्र संपला नाही. त्या वेळी १२८ एमबी रॅम होती, दुप्पट म्हणजे २५६. आज ३२ जीबीच्या मशीनवर ६४ जीबी स्वॅप ठेवणारे लोक आहेत. त्या ६४ जीबीचं काय होतं? काहीच नाही. नुसतं पडून असतं.

आता स्वॅप नेमकं करतं काय ते बघू. माझ्या मते स्वॅप म्हणजे घरातला माळा. स्वयंपाकघराचा ओटा म्हणजे रॅम. ओट्यावर जागा थोडी, पण हात लांबवला की वस्तू मिळते. दिवाळीला लागणारा चकलीचा सोऱ्या आणि बारशाला काढायची पितळी भांडी ओट्यावर ठेवून कसं चालेल? ती माळ्यावर जातात. याचा अर्थ घर लहान आहे असा नाही. मोठ्या घरातही माळा असतोच, कारण रोज न लागणाऱ्या वस्तू सगळ्यांकडेच असतात.

प्रोग्राम्सचंही असंच असतं. सुरू होताना ते एक ढीगभर मेमरी घेतात, त्यातली बरीचशी फक्त सुरुवातीलाच लागते, आणि नंतर मशीन बंद होईपर्यंत तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. ही पानं स्वॅपमध्ये गेली तर मोकळी झालेली रॅम फाइल्सच्या कॅशसाठी वापरता येते आणि मशीन उलट चपळ होतं. म्हणून स्वॅपमध्ये ५०० एमबी वापरलेले दिसले की लगेच घाबरायचं कारण नाही. माळ्यावर सामान असणं हा काही संसाराचा दोष नव्हे.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. खरी मेख पुढे आहे, आणि स्वॅप बंद करून टाकणाऱ्या बहुतेकांना ती माहीत नसते.

रॅममधली पानं ढोबळमानाने दोन जातींची. एक, ज्यांची मूळ प्रत डिस्कवर फाइलच्या रूपात आहेच. उदाहरणार्थ प्रोग्रामचा स्वतःचा कोड, लायब्ररीज, वाचलेल्या फाइल्स. दुसरी, ज्यांची प्रत जगात दुसरीकडे कुठेही नाही. तुम्ही एडिटरमध्ये लिहिलेला पण अजून सेव्ह न केलेला मजकूर, ब्राउझरच्या टॅबमधली माहिती, प्रोग्रामने हिशेब करून ठेवलेल्या गोष्टी. पहिल्या जातीचं पान कर्नेलला बिनदिक्कत टाकून देता येतं, लागलं तर परत डिस्कवरून वाचता येतं. वाचनालयाचं पुस्तक परत करण्यासारखं ते. दुसऱ्या जातीचं पान टाकता येत नाही. ती तुमच्या हातच्या लिखाणाची वही आहे. ती ठेवायला एकच जागा, ती म्हणजे स्वॅप.

आता स्वॅपच काढून टाकलं तर काय होईल? वह्या सगळ्या ओट्यावरच राहणार, वर्षभर उघडल्या नसतील तरी. जागा कमी पडली की कर्नेल फक्त पुस्तकंच परत करू शकतं. मग ते आधी न लागणारी पुस्तकं परत करतं, मग कमी लागणारी, आणि शेवटी ज्या पुस्तकातलं वाक्य तुम्ही आत्ता वाचताय तेसुद्धा! म्हणजे चालू प्रोग्रामचा कोडच रॅममधून हाकलला जातो, पुढच्या क्षणी तो परत डिस्कवरून वाचावा लागतो, त्यासाठी दुसरा कोड हाकलायचा... हे चक्र सुरू झालं की मशीन जागच्या जागी गोठतं.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. ताईची मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा लॅपटॉप सात वर्षांचा, ४ जीबी रॅम, आणि तीही मदरबोर्डलाच डकवलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. आत साधी फिरती हार्ड डिस्क. कॉलेजमधल्या एका सिनियरने त्यावर हलकंफुलकं लिनक्स टाकून दिलं होतं. काम चांगलं केलं होतं त्याने, पण "स्वॅपने मशीन स्लो होतं" म्हणून स्वॅप ठेवलंच नव्हतं. सबमिशनच्या आदल्या रात्री तिचा फोन आला.

"मामा, माउससुद्धा हलत नाहीये. दहा मिनिटं झाली."

"काय काय उघडलंयस?"

"ब्राउझर, एडिटर, आणि मैत्रिणीबरोबर कॉल चालू होता. डिस्कचा लाइट नुसता पेटून राहिलाय रे. बंद करू का?"

"सेव्ह केलंयस का?"

"...नाही ना."

आणखी वीस मिनिटं वाट बघून शेवटी तिने पॉवरचं बटण दाबून धरलं. संध्याकाळभराचं काम गेलं. रात्री दीडपर्यंत बसून तिने ते पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. "अरे, नवीनच घेऊन टाकू का तिला? किती जातील, पन्नास हजार? फी भरून झाल्यावर बघावं लागेल." पन्नास हजार ही रक्कम ताईच्या घरात सहज निघण्यासारखी नाही. त्यात २०२५ च्या शेवटी शेवटी जगभर मेमरीच्या किमती भराभर वाढत गेल्या. म्हणजे प्रश्न स्वॅपचा कमी आणि पन्नास हजारांचा जास्त होता.

मला मात्र तिचं एक वाक्य चिकटून राहिलं होतं. डिस्कचा लाइट पेटून राहिलाय. स्वॅप तर नव्हतंच, मग डिस्क एवढी कशासाठी राबत होती? वर सांगितलं त्यासाठीच. कर्नेल प्रोग्राम्सचा कोड फेकत होतं आणि परत वाचत होतं. स्वॅप बंद केल्याने डिस्कचं काम थांबत नाही, फक्त कुठली पानं डिस्कवर जातील याची निवड कमी होते.

मग कर्नेलने एखादी प्रोसेस मारून मोकळं का नाही केलं? लिनक्समध्ये त्यासाठी 'आउट ऑफ मेमरी किलर' असतो ना? असतो. पण तो फार उशिरा जागा होतो. पानं फेकून थोडी जागा मिळतेय तोवर कर्नेलच्या हिशेबाने सगळं ठीक चाललेलं असतं. माणसाच्या हिशेबाने मशीन कधीच मेलेलं असतं. २००४ साली आंद्रिस ब्राउवर नावाच्या कर्नेलवाल्याने या किलरवर एक झकास रूपक लिहिलं होतं: इंधन वाचवण्यासाठी विमान कंपनी टाकीत कमी तेल भरते, आणि वाटेत तेल कमी पडलं की कुठला प्रवासी बाहेर फेकावा यावर इंजिनिअर लोक सखोल संशोधन करतात. हसू येतं, पण किलरचं काम हेच आहे. आणि फेकला जाणारा प्रवासी बहुतेक वेळा सगळ्यात जाडा असतो, म्हणजे नेमका तुमचा ब्राउझर किंवा तुमचा डेटाबेस.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. "स्वॅपने मशीन स्लो होतं" हे काही उगाच आलेलं नाही. रॅममधून काही आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला १० मिलिसेकंदाच्या आसपास. हे आकडे असेच कळत नाहीत म्हणून प्रमाण बदलून बघू. ओट्यावरची वस्तू घ्यायला १ सेकंद लागतो असं धरलं, तर हार्ड डिस्कवरची वस्तू आणायला २७ तासांहून जास्त. चांगल्या एसएसडीवरून १०० मायक्रोसेकंद धरले तर तेच काम १७ मिनिटांत. माळा तो माळाच, पण एक शेजारच्या गल्लीत आणि एक पार नागपूरला :)

म्हणून स्वॅपचा अनुभव कुठल्या डिस्कवर घेतला यावर माणसाचं मत ठरतं. हार्ड डिस्कच्या काळात पोळलेला माणूस आजही ताक फुंकून पितो.

शिवाय एक मर्यादा कुठल्याच स्वॅपला ओलांडता येत नाही. पीटर डेनिंग नावाच्या गृहस्थाने १९६८ मध्ये 'वर्किंग सेट'ची कल्पना मांडली. एखाद्या वेळी प्रोग्रामला खरोखर लागणारी, म्हणजे सतत हाताळली जाणारी पानं किती, तो त्याचा वर्किंग सेट. सगळ्या प्रोग्राम्सचा वर्किंग सेट रॅममध्ये मावत असेल तर बाकीचं सामान स्वॅपमध्ये सुखाने पडून राहतं. मावत नसेल तर कितीही स्वॅप द्या, नुसती शिडीवरून चढउतर होत राहणार. स्वॅप म्हणजे जास्तीची रॅम नव्हे. रॅममधली अडगळ हलवायची ती सोय आहे, बस्स.

मधल्या काळात तिसरा एक रस्ता तयार झालाय. माळ्यावर न टाकता वस्तू दाबून लहान करायची आणि ओट्याखालीच ठेवायची. याला झेडरॅम म्हणतात. याचं मूळ काम नितीन गुप्ता याने कॉम्पकॅश या नावाने सुरू केलं होतं, आणि २०१४ मध्ये ३.१४ कर्नेलमध्ये ते नीट मुख्य प्रवाहात आलं. पान डिस्कवर लिहायच्या ऐवजी ते कॉम्प्रेस करून रॅममध्येच ठेवतात. साधारण २ पानं १ च्या जागेत मावतात, कधी त्याहून जास्त. प्रोसेसरला थोडं काम पडतं, पण डिस्कच्या तुलनेत ते काहीच नाही. अँड्रॉइड फोनमध्ये हेच चालतं. फेडोराने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ३३ व्या आवृत्तीपासून डिस्कवरचं स्वॅप सोडून हेच ठेवायला सुरुवात केली. त्याचाच भाऊ म्हणजे झेडस्वॅप. तो आधी पान दाबून रॅममध्ये ठेवतो, आणि तिथे दाटी झाली की जुनी पानं डिस्कवरच्या खऱ्या स्वॅपमध्ये ढकलतो.

तर भाचीच्या लॅपटॉपचं काय केलं? हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवली. ४ जीबीची स्वॅप फाइल केली. झेडस्वॅप चालू केलं. आणि अर्लीऊम नावाचा छोटा प्रोग्राम टाकला. उपलब्ध रॅम आणि मोकळं स्वॅप दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेलं की तो सगळ्यात बोजड प्रोसेसला नम्रपणे बंद व्हायला सांगतो, आणि ५ टक्क्यांच्या खाली गेलं की नम्रता सोडतो. ब्राउझरच्या टॅब्ज तो आधी उडवायला बघतो, हे आपल्या फायद्याचंच.

झेडरॅम का नाही? कारण झेडरॅम आणि डिस्कवरचं स्वॅप दोन्ही एकत्र ठेवलं तर आधी आलेली थंड पानं झेडरॅममध्ये ठाण मांडून बसतात आणि नंतरची, कदाचित जास्त लागणारी पानं डिस्कवर जातात. हवं त्याच्या नेमकं उलट. डिस्क बरी असेल तर झेडस्वॅप, डिस्क वाईट असेल किंवा डिस्कवर लिहायचंच नसेल तर झेडरॅम, असं मी ठरवलंय.

चमत्कार झाला का? नाही. ४ जीबीचे ८ होत नसतात. वीस टॅब आणि कॉल एकदम चालू केला की मशीन अजूनही धापा टाकतं. पण आता ते धापा टाकतं, बेशुद्ध पडत नाही. आणि धापा टाकणाऱ्या मशीनवर कंट्रोल-एस दाबता येतं. सगळा फरक तेवढाच आहे. ताईला सांगितलं, "हे वर्ष तरी काढेल. पुढच्या वर्षी बघू."

दुसरं मशीन म्हणजे आमच्या ट्रेकिंग ग्रुपची साइट चालवणारा भाड्याचा सर्व्हर. १ जीबी रॅम, एक डेटाबेस, एक वेबसर्व्हर. दिवसभर ७०० एमबीत निवांत असतो, पण रात्री बॅकअप चालतो तेव्हा किंवा अपडेट टाकताना थोडा वेळ गरज उसळी मारते. इथे प्रश्न असा विचारायचा: त्या दहा मिनिटांत मशीन मंद झालेलं चालेल की डेटाबेस मेलेला चालेल? रात्री ३ वाजता आमची साइट मंद झाली तर कुणाला कळणारही नाही. डेटाबेस मेला तर सकाळी मला उठून बघावं लागेल. म्हणून तिथे २ जीबीची स्वॅप फाइल आहे आणि ती कुरकुर न करता काम करते.

पण ऑफिसात हाच प्रश्न विचारला तर उत्तर उलटं येऊ शकतं. पन्नास सर्व्हर्स एकसारखे असतील तर त्यातला एक मंद होणं हे एक मरण्यापेक्षा वाईट. मेलेल्याचं काम दुसरा लगेच उचलतो. मंद झालेला मात्र रांगेत उभा राहून सगळ्यांना अडवून धरतो. कुबरनेटिस बरीच वर्षं स्वॅप चालू असेल तर सुरूच व्हायला नकार द्यायचं ते म्हणूनच. कुणाला किती मेमरी दिली याचा हिशेब पक्का राहावा, हाही त्यात हेतू. २०२१ मध्ये १.२२ आवृत्तीत त्यांनी प्रायोगिक स्वरूपात स्वॅपला परवानगी दिली, म्हणजे तिथेही 'कधीच नाही' हे उत्तर टिकलं नाही. डेटाबेसवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट: ओव्हरकमिटचा कडक मोड, म्हणजे २ नंबरचा, लावला तर कर्नेल किती मेमरी वाटेल याचा हिशेब स्वॅप अधिक रॅमचे ५० टक्के असा असतो. तिथे स्वॅप शून्य ठेवलं आणि तो टक्का बदलला नाही, तर अर्धी रॅम असून नसल्यासारखी.

तिसरं मशीन माझा स्वतःचा लॅपटॉप. १६ जीबी रॅम, वेगवान एसएसडी. इथे मेमरी पुरते की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता हायबरनेटचा. हायबरनेट करताना रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं, आणि लिनक्समध्ये ते लिहायची जागा म्हणजे स्वॅपच. झेडरॅम इथे कामाचं नाही, कारण वीज गेली की तेही गेलं. हायबरनेट हवं असेल तर स्वॅप साधारण रॅमएवढं ठेवायचं, हे मला पटतं. पण सिक्युअर बूट चालू असेल तर बऱ्याच डिस्ट्रो हायबरनेट करूच देत नाहीत, हे आधी तपासा. नाहीतर १६ जीबी जागा राखून ठेवायची आणि बटण मात्र राखाडी! मी रात्री लॅपटॉप सरळ बंद करणारा माणूस आहे. म्हणून माझ्याकडे ८ जीबीचं झेडरॅम आहे आणि डिस्कवर काही नाही.

आता राहिलेले दोन आक्षेप. एसएसडी खराब होते का? आकडेमोड करू. ५०० जीबीच्या एखाद्या बऱ्या एसएसडीवर ३०० टीबीपर्यंत लिहायची हमी मिळते. रोज १० जीबी नुसतं स्वॅपमध्येच लिहिलं, जे घरगुती मशीनवर खूपच झालं, तर वर्षाला ३.६५ टीबी. हमी संपायला ८२ वर्षं. तोपर्यंत माझीच हमी संपलेली असेल. रास्पबेरी पायमधल्या एसडी कार्डाची गोष्ट वेगळी, तिथे जपूनच.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुमचा पासवर्ड, तुमची खाजगी की, हे सगळं रॅममध्ये असतं. ते पान स्वॅपमध्ये गेलं तर डिस्कवर उतरतं आणि मशीन बंद केल्यावरही तिथेच राहतं. लॅपटॉप चोरीला गेला तर काय, असा विचार करून डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर स्वॅपही एन्क्रिप्टेड आहे ना, हे बघाच. दाराला कुलूप आणि माळ्याची खिडकी उघडी, असं नको.

आणि हो, स्वॅपीनेस. हा आकडा मुळात ६० असतो, आणि तो १० किंवा ० करा असा सल्ला जागोजागी मिळतो. बऱ्याच जणांना वाटतं की ६० म्हणजे रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू होतं. तसं नाही. जागा हवी असेल तेव्हा वह्या माळ्यावर टाकायच्या की पुस्तकं परत करायची, या दोन्हींत कर्नेलने कुठली बाजू किती महाग समजावी, तो हा आकडा. १०० म्हणजे दोन्ही सारखीच. २०२० मधल्या ५.८ कर्नेलपासून तो २०० पर्यंत नेता येतो, कारण झेडरॅमसारख्या ठिकाणी स्वॅप करणं डिस्कवरून फाइल वाचण्यापेक्षा खरोखरच स्वस्त असतं. हार्ड डिस्क असेल तर कमी ठेवा, झेडरॅम असेल तर १०० च्या वर. बाकी कुणी ६० ला हात नाही लावला तरी बिघडत नाही.

मग तुमच्या मशीनसाठी कसं ठरवायचं? मी तीन प्रश्न विचारतो. हायबरनेट हवंय का? हो असेल तर डिस्कवर रॅमएवढं स्वॅप. नको असेल तर, मेमरी संपली तेव्हा हे मशीन मंद झालेलं परवडेल की एखादा प्रोग्राम मेलेला परवडेल? एकटं मशीन आणि न सेव्ह केलेलं काम असेल तर मंद. तिसरा प्रश्न, डिस्क कशी आहे? त्यावरून झेडरॅम, झेडस्वॅप की साधी फाइल ते ठरतं. ८ जीबीच्या वरच्या मशीनला हायबरनेटशिवाय ४ जीबी स्वॅप सहसा पुरतं. अगदी शून्य ठेवायला मात्र काहीतरी कारण हवं, नुसतं "रॅम भरपूर आहे" एवढं पुरत नाही.

आणि ठरवून झालं की मोजा. 'फ्री' कमांडमध्ये 'फ्री'चा रकाना बघू नका, 'अव्हेलेबल'चा बघा. स्वॅप किती वापरलंय याने फारसं काही कळत नाही. 'व्हीएमस्टॅट १' लावून एसआय आणि एसओ हे दोन रकाने बघा, म्हणजे दर सेकंदाला माळ्यावरून किती उतरतंय आणि किती चढतंय. अधूनमधून आकडे हलले तर ठीक. नेहमीचं काम करताना दोन्ही सतत धावत असतील तर तुमचा वर्किंग सेट रॅममध्ये मावत नाहीये, आणि मग स्वॅपवर वाद घालण्यात अर्थ नाही. टॅब बंद करा किंवा रॅम घ्या.

सुदैवाने हा निर्णय आता जन्माचा राहिलेला नाही. पूर्वी स्वॅपचं वेगळं पार्टिशन असायचं आणि ते बदलायचं म्हणजे हृदय हातात घेऊन डिस्क कापायची. उबुंटूने २०१७ च्या एप्रिलमध्ये १७.०४ पासून पार्टिशनऐवजी स्वॅप फाइलच द्यायला सुरुवात केली. फाइल चार कमांडमध्ये होते, दोन कमांडमध्ये जाते. बीटीआरएफएस असेल तर तेवढं कॉपी-ऑन-राइट बंद करून फाइल बनवायची, की झालं. आज ४ जीबी ठेवा, आठवडाभर आकडे बघा, जास्त वाटलं तर काढा.

असो. तुमच्या ओळखीत कुणी जुना लॅपटॉप भंगारात काढायला निघालं असेल, तर त्याला आधी ती व्हीएमस्टॅटची कमांड चालवून दाखवायला सांगा. दहा सेकंदांचं काम आहे.